मोठ्या पाण्याचा हिशेब

6 फूट लांबी, 2 फूट रुंदी, 2 फूट उंची. बारामती एमआयडीसीच्या आजूबाजूला, रुईत, सूर्यनगरीत, पेन्सिल चौकाच्या पुढच्या सोसायट्यांत आता या मापाचे फिश टँक हॉलमध्ये दिसू लागले आहेत. आधी टीव्हीशेजारी 2 फुटी टँक असायचा. तळाला निळी-गुलाबी खडी, त्यावर प्लास्टिकची वनस्पती, चार गोल्डफिश आणि काच चाटणारा एक काळा मासा. तो घेताना कुणी फारसा विचार करत नाही, कारण तो मोटारसायकलवर मांडीवर धरूनही घरी येतो. 6 फुटी टँकचं तसं नाही. त्याचा हिशेब घराच्या स्लॅबपासून सुरू होतो, कालव्याच्या आवर्तनातून जातो आणि उजनीच्या जलाशयापर्यंत जाऊन पोचतो. हा शेवटचा टप्पा फार थोडे लोक मोजतात. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एमआयडीसीतल्या कारखान्यात मेन्टेनन्स फिटर आहेत. मुलीच्या हट्टापायी त्यांनी 2 फुटी टँक घेतला. दुकानदाराने गोल्डफिशबरोबर 2 इंचाचा एक चंदेरी मासा दिला. नाव सांगितलं ‘शार्क’. टँक स्वच्छ राहावा म्हणून एक ‘सकर’ही दिला. वर्षभरात शार्क एवढा वाढला, की वळताना त्याची शेपटी मागच्या काचेला आणि तोंड पुढच्या काचेला लागायचं. दिवा लावला की तो दचकून काचेवर आदळायचा आणि नाकाडावर जखम व्हायची. “काका, याला नुसतं वळायचं म्हटलं तरी जागा नाही,” असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. मोठा टँक घ्यायचं त्यांनी ठरवलं ते थाटासाठी नव्हे, या माशासाठी.

आकडे आधी पाहू, कारण इथे डोळ्यांना फसायला होतं. 1 घनफूट म्हणजे 28.3 लिटर. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टँकमध्ये जेमतेम 56 लिटर पाणी मावतं. 6 × 2 × 2 च्या टँकमध्ये मावतं 680 लिटर. लांबी तिप्पट होते, पाणी बारापट. 680 लिटर म्हणजे तेवढेच किलो. 12 मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन 120 किलोंच्या आसपास, 2 इंच वाळूचा थर 80 ते 90 किलो, शिवाय लोखंडी स्टँड. सगळं मिळून टनाला टेकतं.

राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात माणसं आणि सामानाचा भार दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, धरलेला असतो. टँकच्या बुडाखाली जागा असते 12 चौरस फूट, म्हणजे 1 चौरस मीटरहून थोडीशी जास्त. तेवढ्या जागेवर या मर्यादेच्या चौपटीहून अधिक भार येतो. याचा अर्थ स्लॅब लगेच कोसळेल असा नाही, कारण बाकीची खोली त्या मानाने मोकळी असते आणि भार आजूबाजूला वाटला जातो. पण टँक खोलीच्या मध्यभागी ठेवणं आणि तुळईवर, भिंतीला लागून ठेवणं यांत फार मोठा फरक आहे. तळमजला असेल तर उत्तम. वरचा मजला असेल तर घर बांधणाऱ्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर घरमालकालाही विचारावं. ते पाणी गळलं तर खालच्या घरात जाणार असतं.

काचेवरचा दाब लांबीवर अवलंबून नसतो, फक्त उंचीवर असतो. 6 फुटी टँकच्या ऐवजी 8 फुटी घेतला तरी काचेच्या प्रत्येक चौरस इंचावर दाब तेवढाच राहतो. उंची 2 वरून अडीच फूट केली की मात्र तो लगेच वाढतो. 2 फूट खोल पाणी 6 फूट लांब दर्शनी काचेवर सुमारे 340 किलोंचा रेटा देतं, आणि तो अहोरात्र चालू असतो. तो पेलतात सिलिकॉनचे सांधे आणि वरच्या काठाला चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्या ‘दिसायला बऱ्या नाहीत’ म्हणून काढून घेणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नये.

एमआयडीसीत राहण्याचा एक फायदा इथे होतो. चौकोनी पाइप, वेल्डर, पावडर कोटिंग, सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. आमच्या फिटर मित्राने स्टँड स्वतः उभा राहून करून घेतला. त्याने सगळ्यात जास्त वेळ घालवला पाणसळ लावण्यात. चारही कोपरे आणि मधले दोन पाय एका पातळीत आल्याशिवाय त्याने काच वर चढवू दिली नाही. स्टँडचा एक पाय थोडा जरी उचललेला राहिला, तरी काचेला पीळ बसतो आणि मग कधीतरी, बहुधा रात्री, सांधा सुटतो. प्लायवूडवर थर्माकोलचा पातळ थर, त्यावर टँक. कारखान्यात मशीनचा पाया घालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता पाणी. बारामतीच्या नळाला येणारं पाणी नीरा डाव्या कालव्याचं. भाटघर आणि वीर धरणांतून येणारं हे पाणी आवर्तनाने मिळतं आणि मधल्या काळात साठवण तलावातून पुरवलं जातं. उन्हाळ्यात पुष्कळ सोसायट्यांत त्यात बोअरचं पाणी मिसळतं. आपल्या काळ्या मातीखालच्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी जड असतं, त्याचा सामू 8 च्या आसपास किंवा वर असतो आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात ते खारटही होत जातं. म्हणजे एकाच नळातून वर्षभरात दोन स्वभावांचं पाणी येतं. 56 लिटरच्या टँकमध्ये हा बदल एका बादलीसरशी जाणवतो. 680 लिटरमध्ये तीच बादली विरून जाते. मोठ्या टँकचं खरं सामर्थ्य हे आहे. त्यातलं पाणी सावकाश तापतं, सावकाश थंड होतं, सावकाश बिघडतं. माणसाला चूक लक्षात यायला आणि सुधारायला वेळ मिळतो.

पण ‘पाणी बारापट, म्हणून मासेही बारापट’ हा हिशेब चुकतो. माशाला लागणारा प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत जातो. छोट्या टँकचा पृष्ठभाग 2 चौरस फूट, मोठ्याचा 12. पाणी बारापट झालं, पृष्ठभाग सहापटच झाला. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंशांवर लिटरमागे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांवर साडेसात. एप्रिल-मेमध्ये बारामतीचा पारा 40 च्या वर गेला की मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, ते यामुळे. त्यात वीज गेली तर बंद कॅनिस्टर फिल्टरमधलं पाणी कोंडतं, आतले उपयोगी जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर तोच सडका घोट टँकमध्ये येतो. बॅटरीवर चालणारा साधा एअर पंप म्हणूनच मोठ्या टँकजवळ हवाच. महागड्या दिव्यांच्या आधी तो घ्यावा.

या जिवाणूंबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवा टँक भरल्यावर मासे मरतात ते बहुतेक वेळा त्यांच्याअभावी. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. तो विषारी. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे मासा बऱ्याच प्रमाणात सोसतो आणि झाडं खातात. ही साखळी नव्या टँकमध्ये आपोआप उभी राहायला 4 ते 6 आठवडे लागतात. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असलं तरी ती तयार नसते. जड पाण्याच्या गावात तर हे आणखी जपावं लागतं. सामू 7 असताना 30 अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी 1 टक्क्याहूनही कमी भाग घातक रूपात असतो. सामू 8 झाला की तोच भाग साडेसात टक्क्यांवर जातो. विष तेवढंच, पण त्याची धार जवळजवळ दहापट. तळेगावात किंवा कोकणात जे चालून जातं, ते बारामतीच्या बोअरच्या पाण्यात चालेलच असं नाही.

जुन्या टँककडून नव्याकडे जाताना यावर एक सोपा उपाय आहे. जुन्या फिल्टरचा स्पंज न धुता नव्या फिल्टरमध्ये ठेवावा. तो नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात. धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यात हलका पिळावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला दुकानात मिळणारं हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पुरतं. पण एक लक्षात ठेवलं पाहिजे. जुना स्पंज जुन्या माशांपुरताच पुरतो. नवा टँक आला म्हणून त्याच दिवशी नवे मासे आणले, तर त्यांची घाण पचवायला जिवाणू नसतात. मित्राने पहिल्या महिन्यात एकही नवा मासा आणला नाही. मुलगी रुसली, तरी तो ढळला नाही.

पाण्याच्या वापराबद्दल इथे राहणाऱ्याने बोलायलाच हवं. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलायचं म्हटलं तर 170 लिटर लागतात. याच तालुक्यात सुप्याच्या बाजूला जिरायती गावं आहेत, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून ते पाणी गटारात सोडणं मला पटत नाही. टँकमधून निघालेल्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे ते सौम्य खतच आहे. सोसायटीच्या झाडांना, कुंड्यांना, परसातल्या लिंबाला ते द्यावं. उन्हाळ्यात आटलेलं पाणी भरून काढताना मात्र बोअरचं पाणी वारंवार घालू नये. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत टँक खारट होतो. पावसाचं किंवा आरओचं पाणी त्यासाठी बरं.

इतकी सगळी तयारी करूनही त्या चंदेरी शार्कचा प्रश्न सुटला नाही. कारण तो शार्क नव्हेच. तो पंगस. आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला, पूर्ण वाढल्यावर 4 फुटांचा आणि 40 किलोंपर्यंत भरणारा, कळपाने लांबवर पोहणारा मासा. आपल्याकडे तो बाजारात खायला मिळतो, तलावांत वाढवला जातो. माळेगाव खुर्दला 2009 साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. वाढतं तापमान, अमोनिया, शिसं, आर्सेनिक यांचा माशांवर काय परिणाम होतो, यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी काम केलं आहे, आणि त्यातला बराच अभ्यास याच पंगसवर आहे. म्हणजे ज्या माशाचा ताण समजून घ्यायला आपल्याच गावाजवळ प्रयोगशाळा आहे, तोच मासा आपण 2 फुटी काचेत ठेवतो. 6 फुटी टँकही त्याला पुरणारा नाही. बाकीच्या माशांचंही तसंच. ऑस्कर फूटभर होतो, गोल्डफिशही नीट जगला तर 8-10 इंच होतो आणि दशकाहून जास्त जगतो, सकर दीड फुटाचा होतो. दुकानात हे सगळे बोटाएवढे असतात.

मित्राला कुणीतरी सुचवलं, “कऱ्हा नदीत सोडून द्या की. पुण्यच लागेल.” हा सल्ला बारामतीतच मिळतो असं नाही, पुण्यात, मुंबईत, नाशकातही मिळतो, आणि देणाऱ्याच्या मनात दयाच असते. या दयेचं पुढे काय होतं ते पाहायला बारामतीहून भिगवणला जावं. अंतर फार नाही, रस्ता एमआयडीसीतूनच निघतो.

भिगवण इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. भीमेवरच्या उजनी धरणाचं काम 1980 साली पूर्ण झालं. सुमारे 117 टीएमसी साठवणारा यशवंतसागर जलाशय उभा राहिला आणि काठच्या अनेक विस्थापित कुटुंबांना मासेमारीचा आधार मिळाला. भिगवणचा मासळी बाजार आज दूरवर प्रसिद्ध आहे. रोहित पक्ष्यांसाठी कुंभारगावला येणारे पर्यटकही इथला मासा खाऊन जातात. इथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आता स्थानिक माशांपेक्षा चिलापी जास्त असते. ती आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणली गेली, पिल्लं तोंडात सांभाळते आणि भराभर वाढते. निदान तिला भाव तरी मिळतो. सकरला तोही मिळत नाही.

हाच तो काच चाटणारा काळा मासा. दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या तकट्या असतात, पाठीच्या आणि बाजूच्या परांना टणक काटे असतात. जाळ्यात सापडला की काटे अडकतात, सोडवताना जाळं फाटतं. पोटातून हवा घेऊ शकतो, म्हणून पाण्याबाहेरही तासन्‌तास जिवंत राहतो. नर काठाच्या मातीत बीळ करून त्यात अंडी राखतो, त्यामुळे काठ पोखरले जातात. तळावरचं शेवाळ आणि त्याबरोबर दुसऱ्या माशांची अंडीही खाऊन टाकतो. खाणारं कुणी नाही, विकत घेणारं कुणी नाही. उजनीतल्या मच्छीमारांनी या माशाबद्दल गेल्या काही वर्षांत वारंवार तक्रारी केल्या आहेत. एक नायलॉनचं जाळं फाटणं म्हणजे त्या घराच्या कित्येक दिवसांच्या कमाईला भोक पडणं.

हा मासा कुणी धरणात बीज म्हणून टाकला नव्हता. तो शोभेच्या माशांच्या व्यापारातून आला, म्हणजे कुणाच्या तरी हॉलमधून. नकाशा पाहिला तर वाटही दिसते. पुण्याच्या मुळा-मुठा पुढे भीमेला मिळतात आणि भीमा उजनीत येते. म्हणजे पुण्यात पुलावरून सोडलेला मासा उजनीपर्यंत पोचू शकतो. बारामतीचा हिशेब थोडा वेगळा आहे. कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंहपूरला, भीमेला मिळते. हा संगम उजनीच्या खाली आहे. आपण सोडलेला मासा उजनीत जात नाही म्हणून सुटलो, असं समजू नये. तो पंढरपूरकडच्या भीमेत जातो. उजनीच्या जलाशयावर पसरणारी जलपर्णीही एकेकाळी दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणूनच भारतात आली होती. तिला काढायला किती पैसा, किती यंत्रं, किती वर्षं लागतात ते आपण पाहतोच आहोत.

ही गोष्ट एकट्या उजनीची नाही. 2018 च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अ‍ॅमेझॉनचा अरापाइमा सापडला. 2023 साली भोपाळच्या मोठ्या तलावात आणि काश्मीरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला, मगरीसारख्या जबड्याचा उत्तर अमेरिकी मासा. दोन्ही पोसलेले मासे होते. ते बाहेर आले.

आणि आपण काय गमावू शकतो? 2016 साली भीमेच्या पवना आणि नीरा या उपनद्यांतून एक नवी माशाची जात शास्त्राला कळली, पेथिया संजयमोलुरी. बोटभर लांबीचा, काळ्या ठिपक्यांचा, सुंदर मासा. ज्या नीरेचं पाणी आपल्या नळाला येतं, त्याच नदीतला. इतकी वर्षं तो तिथे होता आणि आपल्याला माहीतही नव्हता. 2020 साली आंबोलीच्या हिरण्यकेशीत सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशासाठी तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला, ही चांगली गोष्ट झाली. नीरेच्या माशाला असं कुंपण नाही. त्याच्या अंड्यांवर सकर आणि त्याच्या पिल्लांवर परके शिकारी सोडून आपण कुठलं पुण्य मिळवणार आहोत?

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण इथे येते. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झालं. 8 लाख रुपयांच्या खर्चापैकी 2 लाख एका पारशी दानशूराने दिले होते. 2015 साली नूतनीकरण झाल्यावर तिथे काचेचा बोगदाही आला. महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्यांनी शाळेच्या सहलीत मासा पहिल्यांदा इथे निरखून पाहिला. काचेपलीकडचा जीव पाहून लहान मुलाचा श्वास रोखला जातो, ती गोष्ट मौल्यवान आहे. फिटर मित्राच्या मुलीलाही ती मिळावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी मोठ्या टँकच्या विरोधात नाही. उलट, ठेवायचाच तर मोठाच ठेवावा, आणि त्यात छोटे राहणारे मासे ठेवावेत. 6 फुटी टँकमध्ये पंचवीस-तीस बार्ब किंवा टेट्रांचा थवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो तेव्हा जे दिसतं, ते कोपऱ्यात अडकलेल्या एका मोठ्या माशात दिसत नाही.

मित्राने शेवटी तेच केलं. पंगस आणि सकर त्याने दुकानदाराकडे परत नेले. दुकानदार आधी कुरकुरला, मग त्याने घेतले. सगळेच घेत नाहीत. अशा वेळी मोठी जागा असलेला दुसरा हौशी शोधावा. कुणीच मिळाला नाही, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने लवंगतेलाने त्याला वेदनेविना मारणं हे नदीत सोडण्यापेक्षा बरं. हे लिहिताना जड जातं, पण नदीतल्या हजारो जिवांचा विचार केला तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत नवा टँक घेण्याचा बेत असेल, तर दुकानात पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. प्रत्येक माशाकडे बोट दाखवून विचारा, हा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो आणि नंतर नको झाला तर तुम्ही परत घ्याल का. उत्तर मिळालं नाही, तर तो मासा घेऊ नका. आणि घरातला कुठलाही मासा, शंख किंवा पाणवनस्पती नदीत, कालव्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नका.